परवाचं निळं

सुट्टीतल्या त्या आठवड्यात मी इतकी कामात होते की बाबांना माझी वेळ मागावी लागायची. ते दारातूनच विचारायचे, "बाईसाहेब आहेत का? दोन मिनिटं मिळतील?" मी चहाचा घोट घेत म्हणायचे, "आज कठीण आहे. उद्या बघू." खोटं नव्हतं ते. सकाळी आत्याकडे काम, दुपारी मैत्रिणी, संध्याकाळी परत आत्याकडे. पायाला भिंगरी लागली होती नुसती.

आत्या पडदे शिवते. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, तळमजल्यावर तिची कामाची खोली आहे. एक लांबच लांब टेबल, दोन शिलाई मशिनं, भिंतीवर खुंट्यांना टांगलेले कापडांचे नमुने आणि रस्त्याच्या बाजूला एक मोठी खिडकी. त्या खिडकीला पडदा नाही. का नाही, असं मी लहानपणी विचारलं होतं. "डॉक्टर स्वतःला इंजेक्शन टोचून घेतो का?" असं तिचं उत्तर.

सुट्टी लागायच्या जरा आधी ती स्टुलावरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मुरगळलं. मनगटाला बांधलेल्या पट्ट्यातून बाहेर आलेल्या बोटांनी आणि डाव्या हाताने ती मशीन कसंबसं चालवायची, पण मोठी कात्री धरता येत नव्हती आणि वर चढून पडदे लावता येत नव्हते. म्हणून मी. डोळे तिचे, हात माझे.

माझ्या हातांबद्दल सांगायचं तर ते लांब आहेत. गेल्या वर्षभरात मी अशी काही वाढले की शाळेच्या वर्गफोटोत मागच्या रांगेत गुडघे वाकवून उभी होते. कोणी बघितलं की खांदे पाडायचे, पोक काढून चालायचे. पण गिऱ्हाइकांच्या घरी मी साध्या स्टुलावर चढून थेट पडद्याच्या दांडीला हात लावला, आणि बायका म्हणायला लागल्या, "अगं बाई, हिला शिडी नको की!" आत्या तोऱ्यात म्हणायची, "हीच माझी शिडी." नाव चिकटलं ते चिकटलंच. खरं सांगते, मला ते आवडतं. हल्ली मी दारातून जाताना मुद्दाम चौकटीला हात लावून जाते.

सोमवारी सकाळी मखमल आली. दोन हमालांनी तपकिरी कागदात गुंडाळलेला तागा आणून टेबलावर टाकला, आणि आत्याने आधी हात धुतले. मी म्हटलं, "अगं, जेवायला बसतेयस का?"

"गप गं," म्हणाली आणि हळूच कागद उलगडला. निळा रंग. दिवस मावळून गेल्यावर आणि दिवे लागायच्या आधी आभाळाचा असतो ना, तसा. वरून हात फिरवला की फिकट व्हायचा, उलटा फिरवला की गडद.

हे कापड एका छोट्या नाट्यगृहासाठी होतं. फार मोठं नाही, शंभरेक खुर्च्यांचं. तिथल्या दिग्दर्शकबाईंनी नव्या नाटकासाठी स्टेजचा पडदा करायला सांगितला होता आणि रविवारी संध्याकाळी पहिला प्रयोग होता. आत्याने आजवर किती घरांचे पडदे शिवलेत याला गणती नाही, पण स्टेजचा एकही नाही. या कामाची वाट ती मी जन्मायच्या आधीपासून बघत होती, असं बाबा म्हणतात.

"एवढं काय त्यात?" मी विचारलं. "पडदा तो पडदा."

"घरचा पडदा लावून घ्यायला असतो," ती म्हणाली. "बाहेरच्यांनी आत बघू नये म्हणून. हा उघडायला असतो. मला एकदा तरी उघडायचा पडदा शिवायचाय."

मग एकदम कोरड्या आवाजात, "चल, तागा उचल. कपाटाशेजारी ठेव. पाय लावू नकोस."

त्या दुपारी आम्ही तिघी पोहायला गेलो. तिघी म्हणजे मी, मुंगी आणि वकील. मुंगी एवढीशी आहे, आणि तिच्या हातात कायम तिच्याहून मोठं काहीतरी खायचं असतं. वकील कशालाही हरकत घेते. तलावावरच्या पाटीवर 'धावू नये' असं लिहिलं होतं, तर तिने तिथल्या बाईंना विचारलं की भराभर चालणं यात बसतं का. मंगळवारी चौथ्या मजल्यावरच्या एका घरी मी एकटीने सहा पडदे लावले, आणि संध्याकाळी आम्ही तिघी वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसून गुरुवारचा बेत आखला: होडीने नदीपलीकडे जायचं, संग्रहालय बघायचं, आईस्क्रीम खायचं, होडीनेच परत. मुंगीने आईस्क्रीमचा क्रम बदलून पहिला करायचा प्रयत्न केला. वकिलाने हरकत घेतली.

बुधवारी आत्या शहराच्या दुसऱ्या टोकाला मापं घ्यायला गेली होती. मी खोलीवर एकटी. दुपारी तिचा फोन आला. मागे कोणीतरी भिंतीत भोकं पाडत होतं.

"शिडी, ऐक! परवाचं निळं घे!"

"काय?"

"परवाचं निळं! तीन मीटरचे आठ तुकडे. दुमड धरून तीन. आधी खडूने आख, मग काप!"

मी विचारलंसुद्धा. हे मला नोंदवून ठेवायचंय, कारण नंतर बराच वाद झाला. मी विचारलं, "परवाचं ना?"

"हो गं बाई, परवाचंच!" आणि फोन बंद.

आता, आज बुधवार. परवा म्हणजे सोमवार. सोमवारी काय आलं? मखमल. दुसरं एक निळं सुती कापड होतं, ते दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याचं, पण ते गेल्या आठवड्यापासून कोपऱ्यात पडून होतं. मी मखमलीचा तागा टेबलावर घेतला. दार लावून घेतलं. हात धुतले.

आजवर आत्या शेजारी उभी राहायची आणि तिची नजर कात्रीच्या पुढे पुढे चालायची. आज कोणी नव्हतं. मखमल कापताना आवाज सुती कापडासारखा होत नाही, दाबलेला येतो, कोणी घोंगडीखाली हसल्यासारखा. बारीक निळी लव उडून माझ्या नाकावर बसली. एकेक तुकडा मी आखला, परत मोजला, मग कापला. सरळ रेषेत, एकही दात न पाडता. आठही. वर थोडं कापड उरलं, तेही नीट गुंडाळून ठेवलं. माझा मलाच इतका अभिमान वाटला की मी आरशासमोर उभी राहून नाकावरची लव तशीच ठेवली. आत्याला दिसावी म्हणून.

आत्या आली ती पाव घेऊन. टेबलाकडे बघितलं. पिशवी हातातच राहिली.

"हे काय कापलंस?"

"परवाचं निळं." मी आठ घड्यांवर हात ठेवला. "आणि उरवलंयसुद्धा!"

"परवाचं निळं ते!" तिने कोपऱ्यातल्या सुती कापडाकडे बोट दाखवलं. "दवाखान्याचं!"

"ते कसं परवाचं? ते गेल्या आठवड्यात आलंय."

"आलंय गेल्या आठवड्यात. द्यायचंय परवा! शुक्रवारी!"

"हे परवा आलंय! सोमवारी!"

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. दवाखाना जुन्या इमारतीत आहे, तिथल्या खिडक्या उंच, त्यांना तीन मीटर लागतं हे मला माहीत होतं. स्टेज मी पाहिलंच नव्हतं.

"स्टेजला किती?" मी विचारलं.

"साडेतीन."

आत्या ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीवर बसली आणि एका तुकड्याच्या कडेवरून डाव्या हाताचा अंगठा फिरवत राहिली. "कापलंयस सुंदर," म्हणाली. ते ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळी बाबा आले. ते मुद्रितशोधक आहेत, म्हणजे छापायच्या आधी पुस्तकांतल्या चुका शोधतात. जेवताना भाजीतसुद्धा शोधतात. त्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या, चष्मा पुसला आणि म्हणाले, "ताई, वाक्यात क्रियापद कुठे होतं?"

"काय?"

"परवा आलेलं, की परवा द्यायचं? आपला हा एकच शब्द मागेही जातो आणि पुढेही जातो. क्रियापद घातलं नाही तर तो कुठे निघालाय ते कळत नाही. माझ्या मते दोघींपैकी कोणाचीच चूक नाही. चूक शब्दाची आहे."

"मग बोलव शब्दाला," आत्या म्हणाली. "येऊन शिवून देणार आहे का तो?"

आत्याचा आवाज जागेवर आला होता. तिने टेप गळ्यात घातला, उरलेलं कापड उलगडलं आणि मापलं. "हे बघ. कापड कुठे गेलेलं नाही. प्रत्येक तुकड्याला अर्धा मीटर कमी पडतोय, आणि तेवढंच इथे उरलंय. वरच्या बाजूने जोडता येईल. अडचण शिवणीची आहे. मखमलीवर आडवी शिवण लपत नाही. खालच्या रांगेतून बघणाऱ्याला ती गळ्यावरच्या व्रणासारखी दिसेल."

"झाकायची काहीतरी लावून?" मी म्हटलं.

"झालर लागेल वरून. पूर्ण रुंदीभर. आणि तिच्यासाठी कापड नाही." तिने कापडवाल्या व्यापाऱ्याला फोन लावला. या रंगाला तीन आठवडे, तो म्हणाला.

"दुसऱ्या रंगाची लावली तर?" बाबांनी विचारलं.

"सर्कस होईल." आत्याने टेप गळ्यातून काढून गुंडाळला. "उद्या संध्याकाळपर्यंत जुळतं कापड मिळालं तर ठीक. नाहीतर बाईंना फोन करून सांगते, तुमचा जुना करडा पडदाच राहू द्या. ऐनवेळी कळण्यापेक्षा तीन दिवस आधी कळलेलं बरं."

हे तिने इतकं शांतपणे सांगितलं की मला रात्रभर ते 'राहू द्या' ऐकू येत होतं.

गुरुवारी सकाळी आधी दवाखान्याचं सुती कापड कापलं. या वेळी आम्ही दोघींनी त्याच्यावर बोट ठेवून तीनदा म्हटलं, "हे." मग आत्या मशीनवर बसली आणि मी मखमलीचा हाताएवढा तुकडा खिशात घालून धक्क्यावर गेले. मुंगी आणि वकील तिकिटं काढून उभ्या होत्या. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "तुम्ही जा. मी नाही येत फिरायला."

"हरकत आहे," वकील म्हणाली. "पलीकडेच तर कापडबाजार आहे. फिरायला आम्ही, शोधायला तू, होडी एकच."

"आणि आईस्क्रीम?" मुंगीने विचारलं.

"आईस्क्रीम मिळाल्यावर. कापड, म्हणजे," मी म्हटलं.

होडीत मी तुकडा बाहेर काढला, आणि तिथून तिघींच्या डोक्यात निळ्याचं वेड शिरलं. होडीवाल्याच्या टोपीला लावून बघितला. नदीला लावून बघितला. समोरच्या आजीबाईंच्या छत्रीला लावणार होतो, पण त्यांनी ती जवळ ओढून घेतली. निळे किती प्रकारचे असतात हे मला तोवर माहीतच नव्हतं. मुंगीला जे निळं दिसतं ते वकिलाला जांभळं दिसतं, आणि वकील ते सिद्ध करते.

कापडबाजारात प्रत्येक दुकानदार तुकडा बघून म्हणायचा, "हाच रंग आहे आपल्याकडे!" आणि भलतंच काढायचा. एकाने मोरपिशी काढला. एकाने चक्क काळा. "उन्हात धरा, निळा दिसेल," असं वर ठासून सांगितलं. एक म्हातारे दुकानदार मात्र तुकडा डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "हा नाही मिळायचा, पोरी. मिळाला तर मलाही सांग." बाजाराचं दुसरं टोक आलं तेव्हा आमच्या जिभा बाहेर आल्या होत्या आणि मी मनातल्या मनात आत्याचा तो फोन ऐकायला लागले होते.

संग्रहालय समोरच होतं. मुंगीला पाणी हवं होतं म्हणून आत शिरलो. पाणी वाद्यांच्या दालनाच्या पलीकडे. मी मान खाली घालून चालले होते, तेवढ्यात मागून वकील किंचाळली. संग्रहालयात किंचाळू नये, हे तिने नंतर मान्य केलं.

काचेच्या आत एक जुनी बासरी होती, उघड्या पेटीत ठेवलेली. पेटीला आतून अस्तर होतं. निळं. मखमलीचं.

मी तुकडा काचेला लावला. मुंगीने श्वास रोखला. रंग रंगाला चिकटल्यासारखा दिसत होता.

"काचेला हात नाही!" पहारेकरी आले.

"हात नाही, कापड आहे," वकील म्हणाली.

मी तिला मागे ओढलं आणि विचारलं, "काका, ही पेटी कितीशे वर्षांची आहे हो?"

पहारेकरी हसले. "बासरी जुनी आहे. पेटी गेल्याच वर्षीची. इमारतीच्या मागे पेटीवाले बसतात, त्यांनी केलेली."

आम्ही 'थँक्यू' म्हटलं ते बहुतेक जिन्यावरून. धावू नये अशी पाटी तिथेही असणार.

पेटीवाल्यांच्या खोलीत सरसाचा वास भरला होता. भिंतीभर पेट्या: व्हायोलिनच्या, चष्म्यांच्या, चमच्यांच्या. काका स्वतः नाकावर चष्मा घसरलेले, हातात ब्रश. मी तुकडा पुढे केला. त्यांनी ब्रश कानामागे खोचला, तुकडा उलटसुलट केला, आणि फळीवरून एक गुंडाळी काढून टेबलावर लोटली. निळी. माझा जीव भांड्यात पडायला लागला, तेवढ्यात लक्षात आलं की ही तर अरुंद आहे. माझ्या हाताच्या लांबीएवढी जेमतेम रुंदी.

"अस्तराचीच मखमल आहे ही," काका म्हणाले. "लांब हवी तेवढी, रुंद एवढीच. कशाला हवीय?"

"झालरीला."

"झालर केवढी?"

मी हात पसरून उभी-आडवी मापं दाखवली. ते बघून काका म्हणाले, "अगं, मग झालर आडवीच धावते ना? तिला रुंद कापड करायचंय काय?"

मला तर नाचावंसं वाटलं. खरंच की! पण काका गुंडाळीवर हात ठेवून म्हणाले, "थांब. हे मी एका तुतारीवाल्यासाठी ठेवलंय. आधी सांग, एवढी घाई का."

मी सांगितलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, फोन, भिंतीतली भोकं, 'परवाचं ना?' आणि 'परवाचंच!'. काका आधी गालात हसले, मग खुर्चीत बसून हसले, मग चष्मा काढून डोळे पुसले. कानामागच्या ब्रशने त्यांच्या केसांना सरस लागला तरी त्यांना पत्ता नाही.

"तुतारीवाला थांबेल," ते म्हणाले. "तुतारीवाल्यांना दम काढता येतो."

"पैसे आत्या देईल," मी म्हटलं. "परवा दिले तर चालतील?"

"परवा दिलेले मला मिळाले नाहीत अजून," काका म्हणाले आणि परत हसायला लागले.

परतताना होडीत मुंगीच्या मांडीवर गुंडाळी होती आणि हातात आईस्क्रीम. तिने एकही थेंब सांडला नाही. तिच्या आयुष्यातला हा एकमेव प्रसंग असावा.

आत्या खिडकीपाशी उभी होती. फोन हातात होता, पण लावलेला नव्हता. तिने दोन्ही कापडं उजेडात शेजारी शेजारी धरली. डोळे बारीक केले. लव वर केली, खाली केली.

"जुळा नाही," ती म्हणाली. "थोरला भाऊ आहे. किंचित गडद."

"म्हणजे चालणार नाही?"

"खालच्या उजेडात चालला नसता. पण झालरीवर उजेड कमी पडतो, वर सगळंच थोडं गडद दिसतं. भावाला वर बसवू." मग तिने फोन टेबलावर ठेवला आणि मुंगीला विचारलं, "आणि मला नाही आणलंस आईस्क्रीम?"

"आत्या, तुमचं वितळलं," मुंगी म्हणाली.

"कुठे?"

"माझ्या पोटात."

शुक्रवार नुसता शिवणीचा. सकाळी दवाखान्यात पडदे लावले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "किती उंच गं तू!" मी म्हटलं, "हो ना!" आणि दातही दाखवले, कारण त्या दातांच्या डॉक्टर. मग दिवसभर मखमल. टाचण्यांऐवजी आधी हाताने कच्चा टाका घालायचा, कारण मखमलीवर मखमल ठेवली की मशीनखाली ती सरकते, दोन मांजरं एकमेकांवरून सरकावीत तशी. आत्या मशीनवर, मी समोरून कापड धरलेलं, वकील सुयांत दोरे ओवून देत होती. मुंगीला आत्याने खाली बसवलं होतं, पडदा जमिनीला लागू नये म्हणून पोटाशी धरायला. ती त्यातच झोपली.

शनिवारी नाट्यगृहात मी पहिल्यांदाच ते स्टेज पाहिलं. रिकाम्या खुर्च्या, एक पेटलेला दिवा, आणि मधोमध दिग्दर्शकबाई. त्या इतक्या भराभर बोलतात की त्यांची वाक्यं एकमेकांच्या पायात पाय घालतात. मी खऱ्या शिडीवर चढले, एकेक हूक अडकवला, आत्या खालून "अजून, अजून, थांब, बोटभर खाली" म्हणत राहिली. शेवटी झालर. मग आम्ही स्टेजवरून खाली उतरून मागे सरकलो.

"झालर? झालर कुठे ठरली होती? मी नव्हतं सांगितलं झालर," दिग्दर्शकबाई म्हणाल्या.

मला पटकन म्हणावंसं वाटलं की नवीन पद्धत आहे, सगळीकडे असंच करतात. उत्तर अगदी तोंडावर तयार होतं. आत्याने माझ्या दंडावर हात ठेवला.

"नव्हती ठरली. आमच्याकडून तुकडे आखूड कापले गेले. वरून जोडलेत. जोड झाकायला झालर लावली. नको असेल तर तुमचा जुना पडदा मी स्वतः लावून देईन, आजच."

बाई मागच्या रांगेपर्यंत गेल्या. पुढच्या रांगेत येऊन बसल्या. मान वाकडी करून बघितलं. उठून अगदी डाव्या टोकाच्या खुर्चीत गेल्या. आत्या पट्ट्यातली बोटं पुसत शांत उभी होती.

"जोड कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"सांगितलं तर दिसेल."

"मग नका सांगू," बाई म्हणाल्या. "राहू दे. वजनदार आहे ना पण हा? आमच्या दोरीवाल्याला सवय नाही. उद्या दोरी कोण ओढणार?"

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी आधीच हात वर केला होता.

रविवारी संध्याकाळी मी स्टेजच्या बाजूला अंधारात उभी होते, दोन्ही हातांत दोरी. बाबा, वकील आणि मुंगी मधल्या रांगेत, आत्या पहिल्या. पडद्याच्या या बाजूने लोकांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो. खुर्च्या करकरतात, कोणी खोकतं, कोणी कोणाला 'सरक' म्हणतं. मग बाईंनी बोट वर केलं.

आत्याने शिकवलं होतं: झटका द्यायचा नाही, पहिली हातभर दोरी अगदी हळू, मग पडदा आपणच चालायला लागतो. मी ओढली. क्षणभर काहीच झालं नाही. मग ते सगळं निळं वजन जागं झाल्यासारखं हललं आणि मधून उजेडाची फट पडली. फट रुंद होत गेली. पडदा दोन बाजूंना जाऊन घड्यांत उभा राहिला आणि नटांनी बोलायला सुरुवात केली.

मला गंमत वाटली. एवढी आमची धावपळ, होडी, बाजार, सरस, आणि आता पुढचा तासभर त्या पडद्याकडे कोणी ढुंकूनही बघणार नव्हतं. नाटक चांगलं होतं म्हणे. मी फक्त बाजूने बघितलं, मला सगळ्यांचे कान आणि पाठी दिसल्या.

शेवटी पडदा लावला. टाळ्या मखमलीतून गाळून आल्यासारख्या मऊ ऐकू येत होत्या. नट घाईने ओळीत उभे राहिले, बाई कुजबुजल्या, "परत उघड." मी उघडला.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. बाबा डोक्यावर हात नेऊन वाजवत होते, मुंगी खुर्चीवर चढली होती. पहिल्या रांगेत आत्याही उभी होती, पण ती टाळ्या वाजवत नव्हती. नटांकडे बघतही नव्हती. मान मागे टाकून, सगळ्यांच्या डोक्यांवरून, वर झालरीकडे बघत होती. तिचा चेहरा कसा होता सांगू? पोटभर जेवून झाल्यावर माणूस ताटाकडे बघतं ना, तसा.

मग तिची नजर खाली येत येत मला अंधारात शोधत आली. मला वाटलं, आता हसेल. तिने पट्टा बांधलेला हात उचलला, झालरीच्या डाव्या टोकाकडे बोट केलं आणि ओठांनीच, सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली:

"डावीकडे, बोटभर, खाली, आलंय."

मी वर बघितलं. खरंच आलं होतं. मी मान डोलावली, आणि नटांचं वाकून झाल्यावर दोरी हळूहळू, अजिबात झटका न देता, सोडत गेले.